‘आमच्या मुलीला हार्वर्ड मिळेल का?’ : डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीचा अर्ज कसा वाचावा

न्यू जर्सीतील एका मराठी वडिलांनी आपल्या अकरावीतील मुलीची माहिती पाठवून तिची संधी किती आहे, असे विचारले आहे. मुलगी तीन वर्षांची असताना हे कुटुंब अमेरिकेत आले. तिचा जीपीए (शालेय श्रेणींची सरासरी) ४ पैकी ३.९४ आहे आणि दहावीच्या रसायनशास्त्रातील एक बी-प्लस सोडल्यास जवळजवळ सर्व ए आहेत. एसएटी या प्रवेशपरीक्षेत १५४० गुण मिळाले आहेत, शाळा संपेपर्यंत दहा एपी (महाविद्यालयीन पातळीचे) विषय पूर्ण होतील. स्थानिक रुग्णालयात १२० तासांची स्वयंसेवा, एका प्रसिद्ध विद्यापीठाच्या आवारात झालेला दोन आठवड्यांचा सशुल्क संशोधन कार्यक्रम, भरतनाट्यमचे अरंगेत्रम, रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवणे, आणि जुनी वैद्यकीय उपकरणे जमवून सातारा जिल्ह्यातील आरोग्य केंद्रांना पाठवण्यासाठी गेल्या वर्षी सुरू केलेली एक संस्था, असा तिचा पट आहे. पत्राच्या शेवटी दोन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत. पहिली अशी, की नववीपासून ती दर शनिवारी घराजवळच्या ज्येष्ठांच्या डे केअर केंद्रात जाते आणि तिथल्या आजी-आजोबांना त्यांच्या औषधांची माहिती मराठी-हिंदीतून समजावून वहीत मोठ्या अक्षरांत लिहून देते. दुसरी अशी, की कुटुंब अजून ग्रीन कार्डच्या रांगेत असून प्राधान्य तारीख, म्हणजे रांगेतील जागा ठरवणारी तारीख, २०१६ ची आहे. यादीत हार्वर्ड, स्टॅनफर्ड, जॉन्स हॉपकिन्स आणि ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा वैद्यकीय कार्यक्रम अशी चार नावे आहेत.

मी सहा वर्षे एका खासगी विद्यापीठाच्या प्रवेश विभागात अर्ज वाचण्याचे काम केले आणि त्यानंतर बरीच वर्षे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते आहे. त्या अनुभवावरून सांगते, की आपल्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळी बाकीच्या सर्व पत्रापेक्षा महत्त्वाच्या आहेत. त्या शेवटी का गेल्या असतील, हेही मला समजते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेत ‘प्रीमेड’ (वैद्यकीय शिक्षणाची पूर्वतयारी) नावाची पदवी नाही आणि बहुतेक ठिकाणी त्या नावाने प्रवेशही मिळत नाही. विद्यार्थी चार वर्षांची कोणतीही पदवी घेतो, त्या काळात जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जैवरसायनशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह पूर्ण करतो, एमकॅट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देतो आणि मग वैद्यकीय महाविद्यालयाकडे स्वतंत्रपणे अर्ज करतो. त्यामुळे आपल्या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत : सतराव्या वर्षी या विद्यापीठांत प्रवेश मिळेल का, आणि एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळेल का. पालक हे दोन्ही एकत्र विचारतात आणि पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले की दुसऱ्याचे आपोआप ‘हो’ येईल असे गृहीत धरतात. तसे घडत नाही. काही वेळा पहिल्याच्या हट्टापायी दुसऱ्याची वाट अवघड होऊन बसते.

पहिल्या प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्या पिढीच्या डोक्यात प्रवेश म्हणजे गुणवत्ता यादी असते. नीटचे ७२० पैकी गुण, त्यावरून राज्याचा क्रमांक, मग कॅप राउंड आणि कटऑफ. एक गुण वर-खाली झाला तरी महाविद्यालय बदलते. या सवयीने आपण एसएटीचा १५४० हा आकडा वाचतो आणि १५७० झाला तर संधी किती वाढेल असे विचारतो. निवडक अमेरिकन विद्यापीठांत गुणांचे काम वेगळे असते : ते अर्ज गंभीरपणे वाचण्याजोगा ठरवतात आणि तिथेच थांबतात. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर २०१८ साली बोस्टनच्या न्यायालयात जो खटला चालला, त्यात समोर आलेले आकडे मी प्रत्येक पालकाला सांगते. २०१९ साली पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी देशातून सुमारे २६,००० अर्ज आले होते आणि जागा सुमारे १,६०० होत्या. अर्जदारांपैकी ८,००० हून अधिक जणांचा जीपीए पैकीच्या पैकी होता, सुमारे ३,४०० जणांना एसएटीच्या गणितात आणि सुमारे २,७०० जणांना भाषेच्या विभागात पूर्ण गुण होते. केवळ गुणांवर निवड करायची म्हटली, तरी पूर्ण गुणवाल्यांमधूनच बहुतेकांना नाकारावे लागले असते.

त्याच खटल्यात हेही उघड झाले, की वाचक प्रत्येक अर्जाला शैक्षणिक, अभ्यासेतर, क्रीडा आणि व्यक्तिगत असे वेगवेगळे दर्जे देतात, त्यांत १ हा सर्वोत्तम असतो आणि शैक्षणिक बाजूचा २ हा दर्जा उत्तम गुण असलेल्या फार मोठ्या गटाला मिळतो. आपली कन्या त्या गटात बसते. शैक्षणिक १ मिळवायला गुणांपलीकडचे काहीतरी, म्हणजे स्वतंत्र विद्वत्तेची खूण, लागते आणि ती फार थोड्यांकडे असते. म्हणून एसएटी पुन्हा देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. १५४० हा गुणांक या विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्यांच्या नेहमीच्या पट्ट्यात आहे, आणि उन्हाळ्याचे आठ आठवडे तीस गुणांसाठी घालवणे हा तोट्याचा सौदा आहे.

दहावीतील बी-प्लसची आपण केलेली काळजीही अनाठायी आहे. अर्ज वाचणारा माणूस एकटा जीपीए पाहत नाही. त्याच्यासमोर शाळेने पाठवलेली माहिती असते, त्या शाळेत किती एपी विषय उपलब्ध आहेत आणि बाकीचे विद्यार्थी काय घेतात हे तो जाणतो. वाचकांकडे बहुधा ठरावीक भूभाग सोपवलेला असतो, त्यामुळे मध्य न्यू जर्सीच्या शाळा त्याला पाठ असतात. दहावीत बी-प्लस आणि अकरावीत एपी रसायनशास्त्रात ए, असा चढता आलेख असेल तर तो त्रासदायक नाही. मात्र याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की आपल्या मुलीची पहिली तुलना तिच्याच शाळेतील आणि शेजारच्या चार शाळांतील मुलांशी होणार आहे. त्यांतील अनेकांची आडनावे आपल्यासारखी असतील, जीपीए असाच असेल आणि अर्जावर इच्छित क्षेत्र म्हणून वैद्यकशास्त्रच लिहिलेले असेल.

आता अभ्यासेतर कामांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मूल्यमापनाचा खरा भाग इथे आहे आणि पालकांची सर्वाधिक शक्ती इथेच वाया जाते. कॉमन अॅप या अनेक विद्यापीठांच्या सामाईक अर्जात दहा कामांची जागा असते आणि प्रत्येक कामाच्या वर्णनाला केवळ १५० अक्षरे मिळतात. वाचक ती यादी मिनिटभरात वाचतो. रुग्णालयातील १२० तास वाचून त्याच्या मनात काहीही हलत नाही, कारण प्रीमेडची इच्छा असलेल्या जवळजवळ प्रत्येक अर्जात ते असतात आणि त्या तासांत शाळकरी मुलांना बहुधा चाकाची खुर्ची ढकलणे किंवा चादरी लावणे एवढेच करू देतात. ते काढून टाकू नये. पण ते वरच्या क्रमांकावर नसावे.

दोन आठवड्यांच्या सशुल्क संशोधन कार्यक्रमाबाबत मी थोडी कठोर आहे. विद्यापीठाच्या आवारात झालेला कार्यक्रम आणि विद्यापीठाने निवडून दिलेली संधी यांतील फरक वाचकाला नीट कळतो. जिथे शुल्क भरले की जागा मिळते, तिथे शुल्क भरण्याची ऐपत तेवढी सिद्ध होते. अलीकडे तर पैसे घेऊन शाळकरी मुलांच्या नावे शोधनिबंध छापून देणाऱ्या सेवा निघाल्या आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण मुलाखतीत दोन प्रश्न विचारले की ते नाटक उघडे पडते.

उपकरणे पाठवणाऱ्या संस्थेचेही तसेच. अकरावीत स्थापन झालेली, संकेतस्थळ असलेली, अध्यक्षपदी सोळा वर्षांची मुलगी असलेली संस्था प्रत्येक हंगामात शेकड्याने येते. आपल्या मुलीच्या मनात त्यामागे खरी कळकळ असेल, त्याबद्दल मला शंका नाही. परंतु सातारा जिल्ह्यातील कोणत्या केंद्राने काय मागितले होते, पाठवलेल्यापैकी काय वापरात आले आणि काय कपाटात पडून राहिले, या प्रश्नांची उत्तरे तिच्याकडे आहेत का? असतील तर ते काम अर्जात ठेवावे, आणि न वापरलेल्या वस्तूंबद्दलही तिने लिहावे. नसतील तर ते यादीत खाली जाऊ द्यावे.

आणि मग ती शनिवारची वही. नववीपासून आजवर, एकच ठिकाण, कोणी पाठवले नसताना, कोणतेही प्रमाणपत्र न मिळता, एक मुलगी वृद्धांसमोर बसून कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती झोपताना हे त्यांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहिते. मराठी शाळेत शिकवण्याच्या कामाशी हे थेट जोडलेले आहे. दोन्ही ठिकाणी ती भाषेच्या एका बाजूची गोष्ट दुसऱ्या बाजूला नेते आहे. औषधाच्या बाटलीवरची इंग्रजी सूचना न कळल्याने होणाऱ्या चुका हा अमेरिकेतील आरोग्यसेवेचा खरा प्रश्न आहे, आणि आपल्या मुलीने तो पुस्तकातून नव्हे तर शनिवारी सकाळी पाहिला आहे. आपण हे शेवटी लिहिलेत कारण त्याला पदक नाही. वाचकाच्या खोलीत मात्र याच ओळीवर कोणीतरी थांबेल. तिने ते काम मोठे करण्याची, त्याला नाव देण्याची किंवा त्याचे अॅप काढण्याची गरज नाही. नववीपासून आजवर कोणते गैरसमज वारंवार दिसले, हे तिने आता नोंदवायला सुरुवात करावी, आणि केंद्रातील परिचारिकेला किंवा औषधविक्रेत्याला दाखवून आपली वही तपासून घ्यावी. सोळा वर्षांच्या मुलीने औषधांबद्दल लिहून देताना कोणाची देखरेख होती, हा प्रश्न कोणीही जबाबदार माणूस विचारेल, आणि विचारायलाच हवा.

काही गोष्टी आपल्या हातात नाहीत, त्या थोडक्यात सांगते. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा थेट विचार करणारी प्रवेशपद्धत रद्द केली; निबंधात विद्यार्थी आपल्या पार्श्वभूमीविषयी लिहू शकतो. त्या निर्णयाने भारतीय मुलांसाठी दारे सताड उघडतील अशी अनेकांची अपेक्षा होती. परंतु खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापकांची मुले आणि देणगीदारांशी संबंधित मुले यांना मिळणारे झुकते माप त्या निकालाने गेले नाही. हार्वर्डच्या आकडेवारीवरून अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले आहे, की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण या गटांतील होते. जॉन्स हॉपकिन्सने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य देणे बंद केले आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

माझा अंदाज विचाराल तर तो असा. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डमध्ये एकूण अर्जदारांपैकी सुमारे चार टक्के किंवा त्याहून कमी जणांना प्रवेश मिळतो, आणि आपल्या मुलीची संधी मी त्या सरासरीहून फार वेगळी मानत नाही. ब्राउनच्या आठ वर्षांच्या कार्यक्रमात दरवर्षी पन्नास-साठ विद्यार्थी असतात. तिथे अर्ज करावा, पण त्यावर काही बेतू नये. जॉन्स हॉपकिन्सला बंधनकारक अर्ली डिसिजनने (लवकर अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाल्यास तिथेच जायचे, या पद्धतीने) अर्ज केला आणि शनिवारच्या कामाभोवती अर्ज नीट बांधला गेला, तर संधी या चारांत सर्वांत बरी आहे. तरीही नकाराचीच शक्यता जास्त. तिथे जैववैद्यकीय अभियांत्रिकीसाठी वेगळी निवड होते, म्हणून केवळ नाव मोठे म्हणून तो विषय निवडू नये. तिची आवड भाषा आणि आरोग्य यांच्या सांध्यावर असेल, तर तेच लिहावे. प्रीमेडच्या वाटेने जाणाऱ्याने जीवशास्त्रातच पदवी घ्यावी असा कोणताही नियम नाही.

आता दुसरी ओळ, ग्रीन कार्डची. भारतात जन्मलेल्यांसाठी रोजगाराधारित रांग किती लांब आहे हे आपण जाणता. २०१६ ची तारीख मुलगी एकवीस वर्षांची होण्यापूर्वी चालू होईल असे धरून चालू नये. मूळ याचिका मंजुरीसाठी जितके दिवस प्रलंबित होती, तितके दिवस कायद्यानुसार मुलीच्या वयातून वजा होतात; पण ते बहुधा काही महिनेच असतात आणि त्याचा हिशोब आपल्या वकिलाकडून लेखी घ्यावा. एकवीस पूर्ण होताच, म्हणजे ती महाविद्यालयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असताना, तिचा एच-४ (पालकांच्या एच-१बीवर अवलंबून असलेला व्हिसा) संपेल आणि तिला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागेल. वैद्यकीय महाविद्यालयांचे अर्ज नेमके त्याच सुमारास, तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सुरू होतात. म्हणजे वयाच्या तिसऱ्या वर्षापासून अमेरिकेत वाढलेली ही मुलगी त्या क्षणी परदेशी विद्यार्थिनी म्हणून अर्ज करेल.

याचा परिणाम पालकांना फार उशिरा कळतो. अमेरिकेतील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांचा अर्ज घेत नाहीत. राज्यांची महाविद्यालये तर आपल्याच रहिवाशांना प्राधान्य देतात. जी थोडी घेतात ती बहुतांशी खासगी आणि अतिशय निवडक आहेत, आणि त्यांतील काही पूर्ण खर्चाची तजवीज आधीच दाखवायला सांगतात. सरकारी शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. शाळेतून थेट वैद्यकीय जागा देणाऱ्या अनेक एकत्रित कार्यक्रमांतही नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट असते, म्हणून निबंध लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणची अट ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. एका कुटुंबाने पुढच्या सात वर्षांचा आराखडा भिंतीवर लावला होता आणि ही एकच ओळ कोणी वाचली नव्हती; ती मुलगी माझ्यासमोर बसली तेव्हा तिचे वय वीस होते.

पदवीच्या प्रवेशावरही याचा परिणाम होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अॅमहर्स्ट, बोडन अशी मोजकीच विद्यापीठे व महाविद्यालये परदेशी अर्जदाराने आर्थिक मदत मागितली म्हणून त्याच्याविरुद्ध काही धरत नाहीत. ब्राउनही अलीकडे त्यांत आले आहे. इतर अनेक ठिकाणी एच-४ वरील विद्यार्थ्याला मदतीच्या दृष्टीने परदेशी मानतात आणि मदत मागितल्याने त्याची संधी घटते. म्हणून जॉन्स हॉपकिन्सला बंधनकारक अर्ज करण्यापूर्वी पूर्ण खर्च आपण पेलू शकता का, हे घरात बसून ठरवावे लागेल. चार वर्षांत सारी बचत संपली आणि वैद्यकीय शिक्षणासाठी कर्जही मिळाले नाही, अशी अवस्था टाळायची आहे.

वैद्यकीय महाविद्यालये काय पाहतात, याचे आकडे पुरेसे बोलके आहेत. २०२३ मध्ये सुमारे ५२,००० जणांनी एमडीसाठी (अमेरिकेत डॉक्टरकीची ही मूळ पदवी) अर्ज केले आणि सुमारे २३,००० जणांना प्रवेश मिळाला. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ आणि ५२८ पैकी सरासरी एमकॅट ५११.७ होता. पदवीचे विद्यापीठ किती नावाजलेले, याचे वजन या दोन आकड्यांपुढे कमी आहे. निवडक विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्गात सगळेच आपल्या मुलीसारखे असतात आणि त्यांच्यामध्ये ३.४ वर घसरलेली हुशार मुले मी बरीच पाहिली आहेत. म्हणून आपल्या चार नावांच्या यादीत मी आणखी चार-पाच नावे घालीन : रॉचेस्टर आणि केस वेस्टर्न, कारण तिथे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आवारालगत आहेत, रटगर्सचे ऑनर्स कॉलेज, कारण खर्च आटोक्यात राहील, आणि परदेशी विद्यार्थ्यांना मदत देणारी एक-दोन लहान महाविद्यालये, जिथे प्राध्यापक तिला नावाने ओळखतील. प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच : गेल्या काही वर्षांत आपल्या एफ-१ वरील विद्यार्थ्यांपैकी किती जण एमडीला गेले? टक्केवारी सांगतील तर कोणत्या संख्येची टक्केवारी, हेही विचारावे, कारण काही महाविद्यालये कमकुवत विद्यार्थ्यांना शिफारसपत्र नाकारून आपले यश फुगवतात.

हा अर्ज येत्या शरद ऋतूत जाणार असल्याने तातडीचे काम एकच उरते, ते शिफारसपत्रांचे. आपण लिहिले आहे, की तिने जीवशास्त्राच्या शिक्षिकेला विचारायचे ठरवले आहे, कारण तिथे तिला नेहमी ए मिळाला. मी तिला रसायनशास्त्राच्या शिक्षकांकडे पाठवीन. दहावीत त्यांनीच बी-प्लस दिला आणि एपीचा वर्गही तेच घेतात, असे आपल्या पत्रावरून दिसते. ती कोणत्या घटकात अडकली, मधल्या सुट्टीत किती वेळा शंका विचारायला आली आणि पुढच्या वर्षी काय बदलले, हे त्या शाळेत त्यांच्याइतके कोणी सांगू शकणार नाही. शाळा जूनमध्ये सुटण्यापूर्वी तिने स्वतः जाऊन, आपण सोबत न जाता, त्यांना विचारावे.